दुखणं सोबत घेऊन विसाव्याला कुठे जावं? (नाशिकच्या आसपास)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आज हात जरा बरे आहेत म्हणून बसले.

मी नाशिकमध्येच राहते, इंदिरानगरला. वय ४३. सात वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. संधिवात म्हटलं की लोकांना आजीचे गुडघे आठवतात. माझे गुडघे ठीक आहेत. सुजतात ती बोटं, मनगटं आणि पावलं. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. पण खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा थकवा जास्त आहे. झोपून जात नाही असा थकवा. ज्यांना आहे त्यांना कळेल.

गेल्या दिवाळीत सासरचे सगळे मिळून कोकणात गेलो, नऊ माणसं. "तू नुसती बसून राहा, सगळं आम्ही करतो," असं सगळ्यांनी मनापासून सांगितलं होतं आणि केलंही. पण पहाटे पाचला निघायचं, सहा तास गाडीत, मग समुद्र, मग मंदिर, मग रात्री अकरापर्यंत गप्पा. त्यात नुसतं बसून राहणंही कष्टाचंच. सगळे हसत असताना आपण हसलो नाही तर "दुखतंय का गं?" म्हणून सगळा घोळका थांबतो. मग मी हसत राहिले. परत आल्यावर तीन आठवडे अंथरुणात काढले.

म्हणून या जूनमध्ये मी आणि नवरा दोघंच एका 'वेलनेस' रिसॉर्टला गेलो. नाव लिहीत नाही. फोनवर दोनदा विचारलं होतं, खोली तळमजल्यावर आहे ना? हो म्हणाले. तळमजल्यावर ऑफिस होतं. खोली खाली उतारावर, दगडी ३४ पायऱ्या, कठडा नाही. बाथरूममधला नळ जुन्या पद्धतीचा, गोल फिरवायचा. सकाळी साडेसहाला माझी बोटं तो फिरवू शकेनात. नवरा चहा बघायला वर गेलेला. नळाला टॉवेल गुंडाळून दोन्ही तळहातांत धरून फिरवायचा प्रयत्न केला, तरी नाही. तिथेच बादलीवर बसून राहिले तो येईपर्यंत. विसाव्याला आले होते आणि घरच्या नळाची आठवण येत होती.

तर मला हवंय ते असं: नाशिकपासून दीड-दोन तासांच्या आत. तीन रात्री. पायऱ्या नकोत. सकाळी साडेसहाला कढत पाणी. जेवण साधं. आणि कुणीही कार्यक्रम आखलेला नको. बरं होण्यासाठी नाही जायचं मला, ते काम डॉक्टरांकडे आहे आणि चालू आहे. मला नुसता विसावा हवाय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सातपूरवाला

ताई, इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे की. तासा-सव्वा तासावर. शांतता म्हणाल तर तिथल्यासारखी कुठेच नाही. पैसेही लागत नाहीत.

वही_पेन

सातपूरवाला दादा, धम्मगिरीबद्दल मला आदर आहे, मी स्वतः दहा दिवसांचं शिबिर केलंय. म्हणूनच सांगते, ती विसाव्याची जागा नाही, साधनेची आहे. पहाटे चारला घंटा होते. दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान. पहिल्यांदा येणाऱ्यांना संध्याकाळी पाचला चहा आणि फळं, त्यानंतर काही नाही. फोन जमा करायचा, कुणाशी बोलायचं नाही. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना खुर्ची देतात आणि अर्जात आजार, औषधं सगळं विचारतात, तिथे काहीही लपवू नये. मन तयार असेल तर जरूर करावं. पण ज्या माणसाला सकाळी तासभर मूठ वळत नाही, त्याला "मनासारखं झोपून राहा" असं तिथे कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये, कारण ते त्यासाठी नाहीच.

निफाडकर

मी फक्त ऋतूबद्दल लिहितो. नाशिकबाहेरचे लोक म्हणतात हिवाळ्यात या. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एकआकडी होतो, अख्ख्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात थंड ठिकाणांत आमचं नाव असतं. माझ्या आईला संधिवात आहे, त्या दिवसांत ती दहा वाजेपर्यंत चुलीपुढून हलत नाही. तुम्ही फेब्रुवारीत बघा. थंडी ओसरलेली असते, ऊन टोचत नाही.

पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक दिसायला स्वर्ग, पण चादरी वाळत नाहीत. ओलसर गादीवर एक रात्र काढली की सांधे सांगतात. शिवाय श्रावणी सोमवार टाळा. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोक लोटतात, त्र्यंबक रस्ता तुंबतो. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या आसपास तर या धाग्याचा विचारच करू नका.

दोन_श्वास

निफाडकर भाऊंच्या पुढे जोडते. मला दमा आहे, वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये दिंडोरी तालुक्यात एका द्राक्षबागेतल्या मुक्कामाला गेले. फोटो फार सुंदर होते, खिडकी उघडली की मांडव. पहिल्याच पहाटे ट्रॅक्टरच्या ब्लोअरच्या आवाजाने जाग आली. ऑक्टोबरची छाटणी झालेली, पोंगे फुटलेले, त्यात आदल्या दिवशी ढगाळ हवा, मग डाऊनी (वेलीवरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून शेतकऱ्याला फवारावंच लागतं. त्याची वर्षाची कमाई त्या चार-सहा आठवड्यांवर असते, त्याला कसा दोष देणार? पण खिडकीबाहेर पांढरं धुकं पसरलं होतं आणि मी इनहेलर हातात धरून बाथरूममध्ये दार लावून बसले होते.

श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी बागेतला मुक्काम घ्यायचा असेल तर सरळ विचारावं, छाटणी कधी झाली, फवारणी चालू आहे का. बागवाले खरं सांगतात. चूक माझी होती, मी विचारलंच नाही.

गोदाकाठची

निफाडकर, दोन_श्वास, खूप आभार. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

वही_पेन ताई, बरोबर ओळखलंत. मला "मनासारखं झोपून राहा" हेच हवंय.

आडगाव_नाका

निसर्गोपचार केंद्र का नाही बघत? पुण्याजवळ उरुळीकांचनचं आहे, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेलं. माझे काका दरवर्षी जातात, शुगर आटोक्यात आहे. तिथे दिनक्रम ठरलेला असतो, पण मारामार नसते. नाशिकजवळही छोटी-मोठी केंद्रं आहेत.

गोदाकाठची

आडगाव_नाका, सूचना चांगल्या मनाने केलीत. माझा एक अनुभव मात्र सांगितलाच पाहिजे, कारण हा धागा माझ्यासारखं कुणीतरी वाचेल. (उरुळीकांचनचा नाही, तिथे मी कधी गेलेले नाही.)

आजार नवा असताना मी एका अशाच केंद्रात आठ दिवसांसाठी गेले. तेव्हा मी रोज प्रेडनिसोलोन घेत होते, म्हणजे स्टिरॉइड. पहिल्या दिवशीच तिथल्या गृहस्थांनी सांगितलं, "ही विषं आधी बंद करा, मग शरीर बोलायला लागेल." मी थकलेली होते, आशा होती, ऐकलं. सोबत रसाहार. तिसऱ्या दिवशी उलट्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधार, बीपी ९० च्या खाली. रात्री दोनला नवऱ्याने नाशिकला आणलं. डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावलं. बरेच आठवडे बाहेरून स्टिरॉइड घेतलं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं कमी करतं. ते एकदम थांबवलं तर शरीराकडे काहीच उरत नाही. म्हणून ती गोळी पायरीपायरीने, त्यांच्या सांगण्यानेच उतरवायची.

शिरोधारा, मातीपट्टी, साधं जेवण यांनी कुणाला आराम पडत असेल तर मी कोण नाही म्हणणार. पण जिथे दाराशीच तुमच्या गोळ्यांची पिशवी काढून घेतात तिथून त्याच दारातून परत फिरा. हे मी हात जोडून सांगते.

मंगळ_गुरू_शनी

हे नाव का घेतलं ते आधी सांगतो. माझ्या बायकोचं डायलिसिस या तीन दिवशी असतं. चार वर्षं झाली. आमचं पंचांग तेवढंच.

आम्हाला वाटायचं आता बाहेरगाव संपलं. मग डायलिसिसच्या टेक्निशियननेच सांगितलं की काका, दुसऱ्या गावातल्या सेंटरला आधी फोन करून एक फेरी तिथे घेता येते. आम्ही गेल्या वर्षी पुण्याला मुलीकडे पाच दिवस राहिलो तसे. पंधरा दिवस आधी बोलावं लागतं. सोबत लागतं ते: डॉक्टरांचं पत्र, शेवटच्या दोन-तीन डायलिसिसच्या नोंदी, ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन), कुठला डायलायझर (रक्त गाळायची नळी), हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते) किती, आणि कावीळ बी, सी व एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. ते रिपोर्ट नसले तर मशीनला लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

ते जमत नसेल तर गुरुवारचं आटोपून शुक्रवारी सकाळी निघायचं, शनिवारी दुपारच्या फेरीला परत. एक रात्र मिळते. एक रात्र पण रात्र असते हो. गंगापूर धरणाच्या काठाला आम्ही असंच राहिलो. तिला पाणी मोजून प्यावं लागतं, दिवसाला लिटरभरही नाही. त्या दिवशी तासभर ती नुसती धरणाच्या पाण्याकडे बघत बसली होती. मी काही बोललो नाही.

तिची एक इच्छा आहे, सप्तशृंगीला जायचं. पायऱ्या पाचशेच्या आसपास, त्या शक्यच नाहीत. पण २०१८ पासून वर फ्युनिक्युलर ट्रॉली (चढावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी) झाली आहे. कुणी आजारी माणसाला घेऊन गेलंय का? ट्रॉलीतून उतरल्यावर किती चालावं लागतं?

वणीची_लेक

मंगळ_गुरू_शनी काका, मी आईला नेलं होतं, तिला पार्किन्सन आहे. ट्रॉलीने शेवटच्या टप्प्याच्या सगळ्या पायऱ्या वाचतात. वर थोडं चालणं आणि रांग आहे, दोन्हीकडून धरलं की होतं. चैत्रोत्सव आणि नवरात्र सोडून जा, मंगळवार-शुक्रवारही टाळा, कारण ते देवीचे वार. मधल्या वारी, सकाळी लवकर. घाटात वळणं खूप आहेत, काकूंना मळमळत असेल तर पुढच्या सीटवर बसवा.

मंगळ_गुरू_शनी

मंगळवार तसाही आमचा नसतो. म्हणजे बुधवार. देवीनेच वार काढून दिला म्हणायचा. आभार गं.

वही_पेन

गोदाकाठची ताई, फोन करताना काय विचारायचं त्याची एक यादी माझ्या वहीत आहे (मला ल्यूपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार; उन्हात उभं राहिलं की अंगावर उठतं, त्यामुळे मी ठिकाण नंतर आणि खोली आधी बघते). "पायऱ्या आहेत का?" असं विचारूच नका. त्यांच्या डोळ्यांना तीन-चार पायऱ्या दिसतच नाहीत. म्हणा, "गाडीच्या दारापासून माझ्या पलंगापर्यंतचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा." जे पाठवतात ते चांगले निघतात. त्याच व्हिडिओत बाथरूम, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, नळ कुठला आहे ते दिसतं. दांडीचा नळ असेल तर कोपरानेही उघडतो.

पाणी सोलरचं की गिझरचं हे नक्की विचारा. सोलरवाले "चोवीस तास गरम पाणी" म्हणतात, पण पहाटे ते कोमट असतं आणि ढगाळ दिवशी गारच. तुम्हाला साडेसहाला कढत हवं असेल तर खोलीतच गिझर पाहिजे आणि वीज गेली तर काय तेही पाहिजे. पलंगाची उंची विचारा. हल्ली शोभा म्हणून जमिनीलगत गाद्या टाकतात, त्यावरून उठणं म्हणजे आपल्यासाठी शिक्षा. आणि जवळचं चोवीस तासांचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते त्यांना नका विचारू, स्वतः नकाशावर बघा.

पेनवाली

मला टाइप वन मधुमेह आहे, सोबत एक वेगळं इंजेक्शनही चालू आहे. औषध थंड ठेवण्याबद्दल लिहिते, कारण हे मला एकदा महागात पडलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, संधिवाताची बायोलॉजिक इंजेक्शनंही तशीच. मी मुक्कामी खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, रात्रीत गोठली. गोठलेलं औषध वितळवून वापरता येत नाही, फेकावं लागतं. चारही पेनं गेली.

आता मी मधल्या कप्प्यात, डब्यात, कापडात गुंडाळून ठेवते आणि शेजारी स्वस्तातला एक थर्मामीटर. प्रवासात जेलची पिशवी औषधाला थेट लावायची नाही, मध्ये पंचा. वापरात असलेलं पेन बहुतेक इन्सुलिनच्या बाबतीत ३० अंशांच्या आत साधारण २८ दिवस चालतं, तरी पाकिटावर लिहिलेलं वाचावं. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत कधीही नाही.

तिचा_नवरा

मी गोदाकाठचीचा नवरा. तिला विचारून घेतलं, लिहू का म्हणून. (लिही म्हणाली.)

मला एवढंच सांगायचंय की सोबतच्या माणसालाही कळत नाही काय करायचं. मी सारखा विचारायचो, "काही हवंय? दुखतंय? आत जायचं?" मला वाटायचं काळजी घेतोय. त्या ३४ पायऱ्यांच्या ठिकाणाहून परत येताना ती म्हणाली, "दर वेळी तुला उत्तर द्यायला मला शोध घ्यावा लागतो की कुठे कुठे दुखतंय. तू विचारलं नाहीस तर मी थोडा वेळ विसरते." मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता आमचं ठरलंय, दिवसातून एकदा विचारायचं, संध्याकाळच्या चहाला. बाकी वेळ तिला काही लागलं तर ती सांगेल.

दोन_श्वास

दादा, हा प्रतिसाद मी माझ्या घरी मोठ्याने वाचून दाखवला.

निफाडकर

अजून एक. काही बघायचंच असेल तर नांदूर मधमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालं. चढ नाही, सपाट. स्थलांतरित पक्षी फेब्रुवारीतही भरपूर असतात. अर्धा तास बसून परत यायचं. दुर्बीण जड असते, तिपाईवर लावलेली बघा.

गोदाकाठची (फेब्रुवारी अखेर)

मंडळी, जाऊन आले! सविस्तर लिहिते, वाट बघत होतात.

वहीतली यादी घेऊन अकरा ठिकाणी फोन केले. व्हिडिओ तिघांनीच पाठवला. त्यातलं एक निवडलं, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूला. एका शेतकरी कुटुंबाच्या घराशेजारच्या दोन खोल्या, अंगणातून सरळ आत. उंबरठा होता, चार इंचांचा. व्हिडिओत तो दिसलाच, पण काकूंनी आपणहून सांगितलं, "तेवढा आहे हं ताई." तिथेच माझं ठरलं. घरापासून गाडीने पाऊण तास. सुरुवातीला वाटलं, एवढ्या जवळ जाऊन काय गेल्यासारखं वाटणार? पण पोचले तेव्हा मी थकलेली नव्हते. सात वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी पोचल्यावर आधी आडवी न होता अंगणात बसले.

वार मंगळ ते शुक्र घेतले. माझी संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री असते. रविवार मळमळीत जातो, सोमवार सावरण्यात. मंगळवारपासून मी माणसात असते. आजवर आम्ही सुट्टी म्हणून शनिवार-रविवारच धरत आलो आणि माझे सगळ्यात वाईट दिवस प्रवासात घातले. हे आधी कसं सुचलं नाही, देव जाणे. शिवाय मधल्या वारी गर्दी नाही आणि भाडंही कमी.

काकूंनी एकदाच विचारलं, काय चालतं, काय नाही. मग तीन दिवस मुगाची खिचडी, नागलीची भाकरी, मेथी, ताक. भाकरी त्या ताटात वाढतानाच मोडून द्यायच्या. पहिल्या दिवशी माझी बोटं बघितली असणार. त्यावर एक शब्द नाही.

पहिले दोन दिवस मी काहीही केलं नाही. सकाळी कढत पाण्यात हात बुडवून बसायचं, मग बाजेवर ऊन येईपर्यंत, ऊन आलं की बाज सावलीत. तिसऱ्या दिवशी धरणाच्या कडेपर्यंत चालत गेले, दोनशे पावलं असतील. कडेला चिखल वाळून भेगा पडलेल्या, त्यात बगळ्यांच्या पायांचे ठसे. एक कोळी जाळं झटकत होता. ओल्या जाळ्याचा तो फट् फट् आवाज पाण्यावरून उशिरा परत येत होता. कितीतरी वेळ तो ऐकत उभी राहिले आणि पाय दुखतायत हे नंतर लक्षात आलं.

नांदूर मधमेश्वर राहिलं, निफाडकर. जमलं असतं, पण जावंसं वाटलं नाही.

सगळं छान झालं असं नाही. दुसऱ्या रात्री वीज गेली, चार तास. सकाळी गिझर बंद. काकूंनी बंबात पाणी तापवून दिलं, पण तो दिवस हातांना जडच गेला. आणि परत आल्यावर शनिवार धरून दोन दिवस पडूनच होते. तीन आठवडे नाही, दोन दिवस. ते आम्ही आधीच मोकळे ठेवले होते, कामवाल्या मावशींना सांगितलं होतं, भाजी निवडून ठेवली होती.

चहाला त्याने रोज एकदाच विचारलं.

खर्च: खोली आणि दोघांचं तिन्ही वेळचं जेवण मिळून दिवसाला ३,२०० रुपये. ज्यांना पत्ता हवाय त्यांनी निरोप पाठवा. उघड लिहीत नाही, दोनच खोल्या आहेत, काकूंना विचारून देईन.

मंगळ_गुरू_शनी काका, काकूंचं सप्तशृंगीचं काय झालं?

मंगळ_गुरू_शनी

पुढच्या बुधवारी जातोय. मंगळवारची सकाळची फेरी मागून घेतली, म्हणजे तिला रात्रभर झोप मिळेल. पुढच्या सीटवर बसवणार आहे. तुमच्या त्या काकूंचा नंबरही पाठवा, परतताना तिला धरणाच्या काठी पुन्हा बसायचंय म्हणते.